आमिष आणि अपराध

'आमिष' या शब्दाचा मूळ अर्थ मांस. सामिष आणि निरामिष भोजन या शब्दांत तो अर्थ अद्याप टिकून आहे. पुढे गळाला लावावयाचा मांसाचा तुकडा म्हणजे आमिष आणि त्याहून पुढे कोणालाही मोहात पाडण्याकरिता दाखविलेली वस्तू म्हणजे आमिष, असा या शब्दाचा प्रवास झाला. या प्रवासात शब्दाबरोबर एक नीतिपाठही चालत आला. गळाला लागलेला मासा हे आपल्या वाङ्मयात लोभाचे ठरलेले उदाहरण होऊन बसले आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक मासा आहे. जिभेच्या अधीन झालेला प्राणी कसा नाश पावतो, एवढेच त्याच्यापासून शिकावयाचे. नाथांनी 1573 साली वाराणसीत त्याच स्कंधावरील आपली टीका पुरी केली आणि हा धडा मराठी घरांत पोथीच्या रूपाने पोहोचला. तेव्हापासून कीर्तनकारांनी, शिक्षकांनी आणि वडीलधाऱ्यांनी तो इतक्या वेळा सांगितला आहे की, त्या प्रसंगात मासा अपराधी आहे याविषयी कोणासही शंका येत नाही. काठावर गळ धरून बसलेल्या मनुष्याकडे मात्र या सर्व काळात कोणी पाहिले नाही. तो जणू नियतीचा हस्तक. त्याला नीतिपाठात पात्र म्हणूनही स्थान नाही.

हा जुना निवाडा पुन्हा तपासून पाहावा असे वाटण्यास जे कारण घडले ते दिसावयास क्षुल्लक आहे. मासेमारीच्या बाजारात आलेला मऊ प्लॅस्टिकचा बेडूक हे ते कारण होय.

या वस्तूचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी निक क्रीम नावाच्या गृहस्थाने 1949 साली मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले. त्यापूर्वी नकली आमिषे लाकडाची, धातूची, पिसांची असत. माशाने तोंडात धरताच त्याला ती कठीण लागत आणि तो ती थुंकून टाकी. मऊ गांडुळाने ही अडचण दूर केली. पुढे गांडुळामागून मासोळी, मासोळीमागून बेडूक, असे या कारखान्यांतून निघणाऱ्या जीवांचे कुटुंब वाढत गेले. उत्तर अमेरिकेच्या सरोवरांत मस्की नावाचा एक लांबलचक, दांडगा शिकारी मासा आहे. दहा हजार वेळा दोर फेकावा तेव्हा तो एकदा लाभतो, अशी तिकडे त्याची ख्याती आहे. त्याच्या मागे लागलेली माणसे हंगाम आला की नवे आमिष घेऊन पाण्यावर त्याची परीक्षा पाहावयास जातात. आपल्याकडे मस्की नाही. पण तिच्या स्वभावाची, दबा धरून बसणारी आणि एकाएकी झडप घालणारी मरळ आहे. त्यामुळे हा मऊ बेडूक यवतमाळ जिल्ह्यातही येऊन पोहोचला, यात आश्चर्य नाही.

यवतमाळ म्हटले की कापूस, कोरडवाहू शेती आणि सागाची जंगले एवढेच बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे येते. परंतु या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते, पूर्वेच्या अंगाने वर्धा वाहते, आणि पूस, अरुणावती, बेंबळा या नद्यांवर गेल्या काही दशकांत धरणे बांधली गेली आहेत. पैनगंगेवरील ईसापूर धरणाचे पाणी पुसद तालुक्याला लागून पसरले आहे. या मोठ्या जलाशयांखेरीज गावोगावचे तलाव निराळेच. धरणांत कतला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाते आणि भोई समाजाची माणसे जाळी टाकून ते मासे काढतात. मरळ मात्र कडेच्या उथळ पाण्यात, शेवाळात आणि कमळाच्या पानांखाली आपला संसार मांडते. पैनगंगेच्या पलीकडील तेलंगण राज्याने तर तिला राज्यमाशाचा मान दिला आहे.

मरळीची शरीररचना आणि तिची वागणूक दोन्ही विलक्षण आहेत. केवळ कल्ल्यांवर तिचे भागत नाही. डोक्यातील एका विशेष पोकळीच्या साहाय्याने ती हवेतील प्राणवायू घेते आणि त्याकरिता तिला वरचेवर पृष्ठभागावर यावे लागते. म्हणून तळे आटू लागले, चिखल उरला, तरी ती तग धरून राहते. पावसाळ्यात नवे पाणी आले म्हणजे नर-मादी मिळून उथळ जागी पाणवनस्पती बाजूला सारून एक मोकळे वर्तुळ करतात. अंडी तेथे पाण्यावर तरंगतात. पिले निघाली म्हणजे ती तांबूस-केशरी रंगाची असतात आणि शेकडोंच्या संख्येने एकत्र राहतात. तीही हवा घेण्याकरिता सतत वर येतात, त्यामुळे पाण्यावर ठिणग्यांचा एक झुबका चमकत चालला आहे असे दिसते. त्या झुबक्याच्या खाली, हातभर खोलीवर, आईबाप असतात. त्यातही पहारा विशेषेकरून नराकडे असतो. बेडूक, साप, दुसरा मासा, कोणीही त्या वर्तुळात शिरला की खालून धडक बसते. अनेक आठवडे हा पहारा चालतो.

आता त्या मऊ बेडकाकडे वळू. तो आतून पोकळ असतो. त्याच्या पाठीवर दुहेरी गळ असून त्याची दोन्ही टोके अंगाला अगदी चिकटून राहतील अशी बसविलेली असतात. म्हणून तो शेवाळावरून, पानांवरून ओढला तरी कोठेही अडकत नाही. माशाने त्याला जबड्यात दाबले की ते पोकळ अंग चेपते आणि आतापर्यंत लपलेली टोके उघडी पडून टाळूत शिरतात. या यंत्रात खरे काम गळाच्या पोलादाचे नसून अंगाच्या मऊपणाचे आहे. मऊपणाने विश्वास बसतो आणि तोच मऊपणा दबला जाऊन शस्त्र बाहेर येते.

आमचे एक स्नेही आहेत. वृत्तीने सज्जन, वाचनाची आवड असलेले, आणि सुटीच्या दिवशी तळ्याकाठी जाऊन बसणारे. त्यांनी असा एक बेडूक मागविला आणि शास्त्रीय पद्धतीने त्याची परीक्षा आरंभिली. प्रथम घरच्या हौदात तो कसा तरंगतो, पाय कसे हलवितो, दोर थांबविला असता किती वेळ स्थिर राहतो, हे त्यांनी पाहून घेतले. मग हिवाळ्यात तलावावर नेला. कित्येक सकाळी गेल्या. मरळीने त्याची दखल घेतली नाही. उन्हाळ्यात दोनतीनदा पाणी खळबळले, एवढेच. आषाढात मात्र त्यांनी केशरी पिलांचा एक झुबका पाहिला, बेडूक त्याच्या पलीकडे फेकून त्यावरून ओढत आणला, आणि पहिल्याच खेपेस पाणी फुटले. दुसऱ्या झुबक्यापाशी तसेच. ते मोठ्या आनंदात परतले आणि आमिष उत्तम आहे असा त्यांनी निर्णय दिला.

या निर्णयात एक तर्कदोष आहे आणि आमचा सर्व प्रश्न त्या दोषातच दडलेला आहे. हिवाळ्यात जो बेडूक निरुपयोगी ठरला तोच आषाढात अचूक ठरला. बेडूक बदलला नव्हता. मरळीची स्थिती बदलली होती. हिवाळ्यात त्यांनी तिच्या भुकेची परीक्षा पाहिली आणि तिच्या सावधपणापुढे ते आमिष टिकले नाही. आषाढात त्यांनी तिच्या पहाऱ्याची परीक्षा पाहिली. तेव्हा तिने बेडकाला भक्ष्य समजून तोंडात धरले नाही. पिलांवर आलेला शत्रू समजून धरले. अंतःकरणात लोभाचा लवलेश नसताना, किंबहुना खाण्यापिण्याचा विचार बाजूला ठेवून जी पहाऱ्यावर उभी आहे तिच्या टाळूत गळ शिरला. अवधूताच्या गुरूपासून आलेला तो प्राचीन धडा या मरळीला कसा लावावा? जिव्हालौल्याने ती मेली असे म्हणावे, तर तिने चव घ्यावी असे त्या प्लॅस्टिकमध्ये काही नव्हते आणि तिला चव घ्यावयाचीही नव्हती.

स्नेह्यांशी या विषयावर आमचे बरेच बोलणे झाले. त्यांचा पक्ष दुबळा नव्हता. तो जसाच्या तसा मांडणे न्यायाचे होईल. त्यांचे पहिले म्हणणे असे की, पूर्वी मरळीकरिता जिवंत बेडूक गळाला टोचून तडफडत पाण्यात सोडीत. प्लॅस्टिकच्या बेडकाने तो एक जीव वाचला, हा दयेचाच विजय नव्हे काय? हे म्हणणे खरे आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात एका जीवाने दुसऱ्या जीवाचे पोषण करू नये अशा आशयाची आज्ञा आहे. जिवंत आमिषाचा निषेध त्या आज्ञेतही शोधता येईल. त्यांचे दुसरे म्हणणे, फसवणूक ही बोलणाऱ्या, समजणाऱ्या प्राण्यांमध्येच संभवते. ज्याच्याशी आपला काही करार नाही, ज्याला आपण शब्द दिला नाही, त्या माशाला फसविले असे म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग होय. तिसरे म्हणणे, निसर्ग कपटानेच भरलेला आहे. बगळ्याचे ध्यान आपल्याकडे म्हणीत जाऊन बसले आहे. समुद्राच्या खोल पाण्यात तर असे मासे आहेत की ज्यांच्या कपाळावरच आमिष लोंबत असते. मग मनुष्यानेच एवढे सोवळे का पाळावे? आणि शेवटचे, की भोई जाळे टाकतो तेव्हा एका खेपेस शेकडो मासे मरतात. त्याला कोणी नीती विचारीत नाही. मी एक मासा धरतो आणि पुष्कळदा सोडूनही देतो.

शेवटच्या मुद्द्यापासून आरंभ करू. भोई जाळे टाकतो ते पोटाकरिता, आणि जाळे काही खोटे सांगत नाही. ते आडवे येते. जाळ्याची नीती ही किती मासे काढावे, केव्हा काढावे, डोळा किती मोठा ठेवावा यांची नीती आहे. ती महत्त्वाची आहे, पण आमचा प्रश्न निराळा आहे. मासा सोडून दिला हे समाधानही पुरेसे नाही. राखणदार काही काळ काठावर असतो तेवढ्यात पिलांचा झुबका उघडा पडतो, आणि तळ्यात त्याची वाट पाहणारे अनेक असतात. शिवाय ज्याच्या टाळूला भोक पडले आहे तो पूर्वीइतक्या जोमाने पहारा करील अशी शाश्वती कोणी द्यावी? माशाला दुखत नाही, ही समजूतही आता ठेवता येत नाही. 2003 साली ब्रिटनमधील संशोधकांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजेची संवेदना ग्रहण करणाऱ्या मज्जातंतूंच्या अग्रांचे अस्तित्व दाखवून दिले. त्यानंतर हा वाद निदान पूर्वीच्या बेफिकिरीने कोणी करीत नाही.

निसर्गातील कपटाविषयी म्हणाल तर बगळ्याला दुसरा मार्ग नाही. कपाळावर आमिष घेऊन जन्मलेल्या माशाने ते निवडलेले नाही. निवड आली की नीती आली. दुकानातील दहा आमिषांतून एक निवडणारा, वर्षातील बारा महिन्यांतून आषाढ निवडणारा आणि सबंध तलावातून पिलांचा झुबकाच निवडणारा मनुष्य बगळ्याच्या रांगेत जाऊन उभा राहू शकत नाही. तेथे त्याला बगळेही घेणार नाहीत.

उरला तो फसवणुकीचा मुद्दा. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने 1797 च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात असत्य भाषण हे मनुष्याने प्रथम स्वतःविरुद्ध केलेले पातक मानले आहे आणि प्राण्यांविषयीची आपली कर्तव्येही अखेर स्वतःविषयीचीच कर्तव्ये आहेत असे म्हटले आहे. त्याच्या मते प्राण्याशी क्रूर होणारा मनुष्य आपल्या अंतःकरणातील एक उपयोगी कोवळीक बोथट करून घेतो. हे उत्तर बरेचसे पटण्यासारखे आहे, पण पुरे पडत नाही. हानी काही केवळ स्नेह्यांच्या अंतःकरणाची झाली नाही; ती मरळीची आणि तिच्या पिलांचीही झाली. तेव्हा फसवणूक हा शब्द माशाला लागू पडत नसेल तर आम्ही तो सोडून देऊ. पण त्या शब्दाने जी गोष्ट दर्शविली जाते ती तेथे आहेच. दुसऱ्याच्या अंगचा एक विश्वसनीय गुण ओळखावयाचा आणि त्याच गुणाच्या वाटेने आत शिरून त्याचा घात करावयाचा, ती ही गोष्ट होय.

येथे एक चाणाक्ष वाचक आडवा येईल. तो म्हणेल, मरळीच्या ठिकाणी वात्सल्य कोठले? ती तर केवळ सहजप्रेरणा. तुम्ही आपल्या घरातील भावना तळ्यात नेऊन सोडता आहात. आक्षेप योग्य आहे आणि तो आम्हांस मान्य करावयाचा असेल तर तो दोन्ही बाजूंनी मान्य केला पाहिजे. मरळीचे वात्सल्य ही कल्पना असेल तर माशाचा लोभ हीही कल्पनाच. भुकेने आमिषाकडे आलेला मासाही सहजप्रेरणेनेच येतो. त्याला लोभी ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? कित्येक शतके आपण माशाला अपराधी ठरविण्यापुरते माणसासारखे मानीत आलो, आणि त्याची कीव करण्याची वेळ आली की तो केवळ मासा आहे असे म्हणत आलो. हा पक्षपात काढून टाकला तर त्या सर्व प्रसंगात हेतू धरून वागणारा एकच जण शिल्लक राहतो, आणि तो काठावर उभा असतो.

आमच्या जुन्या लोकांना हा भेद अगदीच अपरिचित होता असे नाही. ज्या अशोकलेखाचा उल्लेख वर केला त्यातच गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी आणि डुकरीण, तसेच सहा महिन्यांच्या आतील त्यांची पिले अवध्य ठरविली आहेत, आणि ठराविक तिथींना मासे मारण्यास व विकण्यासही मनाई केली आहे. मांसाहार सर्वस्वी बंद करण्याची ती आज्ञा नव्हे. मारावयाचे असले तरी कोणत्या स्थितीतील प्राण्यावर हात टाकावयाचा नाही, एवढे ती सांगते. उलट बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. गळ, दोर, काठी आणि निरनिराळ्या माशांना आवडणारी आमिषे यांचे त्यात तपशीलवार वर्णन आहे. म्हणजे गळाने मासे धरण्याचा छंद या भूमीला नवा नाही, आणि तो राजमान्य होता. आम्ही त्या छंदाचे वैरी नाही. अशोकाची मर्यादा पाळून सोमेश्वराचा विनोद करता येतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

परंतु हा विचार तळ्यापाशीच थांबला असता तर त्यासाठी वाचकांचा एवढा वेळ घेण्याचे प्रयोजन नव्हते. 'आमिष' हा शब्द आज मराठीत सर्वांत अधिक कोठे आढळतो, तर तो वर्तमानपत्रांतील गुन्ह्यांच्या वृत्तांत. दामदुपटीचे आमिष, जादा परताव्याचे आमिष, नोकरीचे आमिष, प्रवेशाचे आमिष. असे मथळे आपण रोज वाचतो आणि सर्वांखाली एकच मनोगत व्यक्त करतो, की लोभ नडला. पण ही सर्व आमिषे एका जातीची नाहीत. वर्षात पैसे दुप्पट होतील या आशेने जो गेला त्याच्या बाबतीत अवधूताचा धडा कदाचित लागू पडेल. यवतमाळ जिल्ह्यातील दोन-चार एकर कोरडवाहू कापसाचा धनी मात्र, मुलाला नोकरी लावून देतो असे सांगणाऱ्या परक्या माणसाच्या हाती जेव्हा कर्ज काढून रक्कम ठेवतो, तेव्हा त्यात त्याला स्वतःकरिता काय मिळवावयाचे असते? मुलीच्या लग्नाकरिता जो सावकाराच्या कागदावर अंगठा उठवितो, किंवा मुलाच्या शिक्षणाकरिता बैलजोडी विकतो, तो भुकेने गळाला लागलेला नाही. तो पहाऱ्यावर असताना लागला आहे. ज्याने त्याला गाठले त्याने ऋतू पाहून, झुबका पाहून, त्याच्या अगदी मर्मावरून दोर ओढला आहे. पिलांविषयी बेपर्वा असणारा बाप या गळाला कधीच लागत नाही. चांगला बापच लागतो.

असे असता आपण त्याला लोभी म्हणतो, त्यात दुहेरी अन्याय होतो. ज्याचा घात झाला त्याच्यावर एक खोटा दोष लादला जातो, आणि ज्याने घात केला तो त्या जुन्या नीतिपाठातील कोळ्याप्रमाणे प्रसंगातून निसटतो. इतकेच नव्हे, तर असे म्हणण्याने आपणांस एक समाधानही लाभते. तो लोभी होता म्हणून फसला, आपण लोभी नाही, तेव्हा आपण सुरक्षित आहोत, असे ते समाधान आहे. ते सर्वथा खोटे आहे. आपल्यावर येणारे आमिष लोभाच्या वाटेने येईलच असे नाही. आपल्यात जे चांगले आहे, ज्याच्याकरिता आपण स्वतःची भूक विसरू शकतो, तेथूनही ते येऊ शकते. आणि तेथे सावध राहण्याची सवय आपणांस कोणी लावलेली नसते.

यावर उपाय म्हणून बापांनी मुलांची काळजी सोडावी किंवा मरळीने पहारा सोडावा, असे कोणी सुचविणार नाही. पहारा सुटला तर झुबका राहत नाही. तेव्हा ओझे काठावरच्या माणसाने उचलले पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक नौकांना काही काळ मासेमारी बंद ठेवावी लागते. 1897 च्या मत्स्यविषयक कायद्याने सुरुंग आणि विष ही साधने निषिद्ध ठरविली. म्हणजे काळाचा विवेक आणि साधनाचा विवेक हे दोन्ही आपल्या कायद्यांना ठाऊक आहेत. गावच्या तलावाकाठी मात्र कायद्याचा शिपाई उभा नसतो. तेथे मनुष्याला स्वतःलाच नियम घालून घ्यावा लागतो, आणि तो फार कठीण नाही. मऊ बेडूक हिवाळ्यात फेकावा, उन्हाळ्यात फेकावा, भुकेल्या आणि सावध मरळीशी आपली हुशारी लावून पाहावी, आणि हरावे लागले तर हरावे. तुटलेले प्लॅस्टिक पाण्यात सोडून येऊ नये, कारण ते कुजत नाही आणि ज्या माशाच्या पोटात जाईल त्याला पचत नाही. पाण्यावर केशरी ठिणग्या दिसल्या तर दोर गुंडाळून दुसऱ्या काठाला जावे.

स्नेह्यांनी हा नियम अद्याप पत्करलेला नाही. त्यांचे म्हणणे, असे केल्याने हंगामातील सर्वांत खात्रीचे दिवस हातचे जातात. ते जातात हे खरे आहे. परंतु ती खात्री कशाची होती, याचा विचार त्यांनी एकदा करावा. त्या दिवसांत मरळ नक्की येते, कारण ती न येणे शक्यच नसते. आणि ज्याला न येणे शक्य नाही त्याच्यावर मिळविलेल्या जयात आमिषाची, हाताची किंवा बुद्धीची कोणतीच परीक्षा होत नाही.